मीटरला सक्ती, सॉफ्टवेअरला मोकळीक

जावा या संगणकभाषेत लिहिलेली मोठी प्रणाली चालू असताना तिच्या पोटात काय चाललंय हे पाहायला जेकन्सोल नावाचं एक साधन जावासोबत फुकट मिळतं. ते उघडून ‘एमबीन्स’ टॅबवर गेलं की डाव्या बाजूला एक झाड दिसतं. मेमरी, थ्रेड म्हणजे एकाच वेळी चालणारी कामं, कनेक्शन पूल म्हणजे डेटाबेसशी जोडून ठेवलेल्या जोडण्यांचा साठा, शिवाय प्रणाली बनवणाऱ्यांनी स्वतः जोडलेले भाग. प्रत्येक भागाचे काही आकडे वाचता येतात, काही तिथल्या तिथे बदलता येतात, आणि काही बटणं दाबता येतात. त्यातलं एक बटण म्हणजे ‘डम्पहीप’. या घडीला मेमरीत जे काही आहे ते सगळं एका फाइलीत उतरवून देणारं. त्याच्यापुढे दोन चौकटी असतात. एकीवर लिहिलेलं असतं पी०, दुसरीवर पी१. दुसरीत ‘ट्रू’ आधीच भरून ठेवलेलं असतं. हे ट्रू नेमकं कशाला, ते पडद्यावर कुठंही सापडत नाही. वर्णनाचा रकाना पाहावा तर तिथं पुन्हा ‘डम्पहीप’ एवढंच.

तर पी१ चा अर्थ असा, की फक्त वापरातल्याच वस्तू उतरवायच्या का? हो म्हटलं की आधी पूर्ण गार्बेज कलेक्शन, म्हणजे मेमरीतल्या निरुपयोगी वस्तूंची साफसफाई, होतं, मग फाइल लिहिली जाते, आणि तोवर प्रणाली जागच्या जागी थांबते. मेमरी मोठी असेल तर हे थांबणं बँकेच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसालाही जाणवतं. शिवाय त्या क्षणी मेमरीत असलेली लोकांची नावं, खाते क्रमांक, कधी पासवर्डसुद्धा त्या फाइलीत सहज वाचता येतील अशा रूपात उतरतात. एवढं जोखमीचं बटण, आणि त्याच्यावरची पाटी काय तर पी१.

लोकांच्या पैशानं बनणारी, किंवा बिघडली तर लोकांचं अडतं अशी कोणतीही प्रणाली घ्या. चालू असताना ज्याच्याकडे पाहावं लागतं किंवा ज्याला हात लावावा लागतो, अशा तिच्या प्रत्येक भागावर त्या भागाचं वर्णन चिकटलेलं असणं करारानं बंधनकारक झालं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. वर्णन म्हणजे निबंध नव्हे. हे काय आहे, कोणत्या एककात मोजलंय, कुठपासून कुठपर्यंत चालतं, बदललं तर काय होतं, आणि अजून वापरात आहे की निवृत्त झालंय, एवढंच. पण ते त्या भागाच्या अंगावर हवं, यंत्रालाही वाचता येईल अशा रूपात. औषधाची चिठ्ठी बाटलीला लावायची असते, दुकानाच्या कपाटातल्या वहीत नाही.

जावा घडवणाऱ्यांना हे सुचलं नव्हतं असं मुळीच नाही. जेएमएक्स ही देखरेखीची पद्धत २००४ च्या जावा ५ पासून जावाचाच भाग झाली. २००६ च्या अखेरीस आलेल्या जावा ६ नं प्रत्येक भागाला, त्यातल्या प्रत्येक आकड्याला आणि बटणाला ‘डिस्क्रिप्टर’ जोडायची सोय करून दिली. नाव आणि त्यापुढे मूल्य, अशा साध्या जोड्या. त्यासाठी नावंही सुचवून ठेवली आहेत: ‘युनिट्स’ म्हणजे एकक, ‘मिनव्हॅल्यू’ आणि ‘मॅक्सव्हॅल्यू’ म्हणजे मर्यादा, ‘सिन्स’ म्हणजे केव्हापासून, ‘डेप्रिकेटेड’ म्हणजे कोणत्या आवृत्तीपासून वापरू नये आणि त्याऐवजी काय वापरावं, ‘सिव्हिअरिटी’ म्हणजे ही सूचना किती गंभीर आहे. कोणीतरी नीट विचार करून बनवलेली यादी आहे ही. फक्त सगळं ऐच्छिक ठेवलं.

ऐच्छिक ठेवल्यावर काय होतं ते पाहायला दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायला नको. जावाच्या स्वतःच्या भागांकडे पाहावं. त्याच झाडात ‘अपटाइम’ मिलिसेकंदांत आहे. थोडं वर ‘प्रोसेस सीपीयू टाइम’ आहे, ते नॅनोसेकंदांत. त्याच्याच शेजारचं ‘प्रोसेस सीपीयू लोड’ शून्य ते एक या पट्टीवर, म्हणजे ०.८३ दिसलं तर एक टक्कासुद्धा नाही असं नवख्याला वाटतं आणि प्रत्यक्षात प्रोसेसर ८३ टक्के भरलेला असतो. मेमरीच्या ‘मॅक्स’पुढे -१ दिसलं तर तो बिघाड नसतो, मर्यादा ठरवलेली नाही असा त्याचा अर्थ. यातलं काहीही पडद्यावर लिहिलेलं नाही. वर्णनासाठी सोपी, प्रमाण खूण देण्याचा प्रस्ताव जेएमएक्स २.० मध्ये होता. ती आवृत्ती जावा ७ सोबत यायची होती, ती आलीच नाही. स्प्रिंगसारख्या, जावाच्या प्रणाली बांधायला वापरल्या जाणाऱ्या तयार चौकटींनी मग आपापली सोय केली. पुढे जावाच्याच फ्लाइट रेकॉर्डर या नोंदी ठेवणाऱ्या साधनामध्ये आकड्यावर ‘हा कालावधी आहे’, ‘हे बाइट आहेत’, ‘ही टक्केवारी आहे’ अशी खूण करण्याची पद्धत आली, म्हणजे धडा शिकला गेला म्हणायचा, पण शेजारच्या खोलीत.

हे जावापुरतं असतं तर एवढं लिहिण्याचं कारण नव्हतं. वेबवरच्या प्रणाली चालवणारा टॉमकॅट हा सर्व्हर घ्या. देशातल्या किती सरकारी आणि सहकारी संस्थांच्या प्रणाली त्याच्यावर उभ्या आहेत हे या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा. एकाच टॉमकॅटमध्ये ‘सेशन टाइमआउट’ मिनिटांत असतो, सहसा ३०. ‘कनेक्शन टाइमआउट’ मिलिसेकंदांत, बरोबर येणाऱ्या फाइलीत २००००. डेटाबेसच्या पूलमध्ये सोडून दिलेलं कनेक्शन परत घेण्याची मुदत सेकंदांत, आणि त्याच पूलमध्ये कनेक्शनसाठी थांबण्याची मुदत पुन्हा मिलिसेकंदांत. चारही जागी नुसता आकडा. रात्रपाळीतल्या पोरानं थांबण्याची मुदत ३० केली, अर्धा मिनिट समजून, तर प्रणाली सेकंदाच्या तेहतिसाव्या हिश्श्यात हात झटकून मोकळी होते. मग टिकीट उघडतं, कॉल लागतो, ‘नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल’ म्हणून दोन तास जातात. ज्यांनी सपोर्टमध्ये दिवस काढलेत त्यांना हे नवीन नाही.

आता विजेचा मीटर पाहू. स्मार्ट मीटरवरून महाराष्ट्रात २०२४ मध्ये बराच गदारोळ झाला. प्रीपेड हवा की नको, बिल वाढतं की नाही, तो वाद वेगळा आणि त्यात मी इथं पडत नाही. मला दाखवायचंय ते मीटरच्या पोटातलं. भारतात या मीटरांशी बोलण्याची भाषा भारतीय मानक १५९५९ नं ठरवलेली आहे. २०११ मध्ये त्याचा पहिला भाग आला, स्मार्ट मीटरसाठीचा दुसरा २०१६ मध्ये. मुळात ती डीएलएमएस-कोसेम नावाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीवर बेतलेली आहे. त्या पद्धतीत मीटरमधला प्रत्येक मोजलेला आकडा ही एक ‘रजिस्टर’ वस्तू असते आणि तिला तीन गुणधर्म असतात. पहिला, तिचं ठरलेलं संकेतनाम, उदाहरणार्थ एकूण वापरलेल्या विजेसाठी १.०.१.८.०.२५५. दुसरा, आकडा. तिसरा, ‘स्केलर-युनिट’, म्हणजे हा आकडा दहाच्या कितव्या घातानं गुणायचा आणि तो कशात मोजलाय. एककांनाही क्रमांक दिलेत. वॉटला २७, वॉट-तासाला ३०, अँपिअरला ३३, व्होल्टला ३५. म्हणजे मीटरला ‘किती?’ विचारलं तर ‘कशात?’चं उत्तरही त्याच्याचकडे असतं. एवढंच नाही, ‘तुझ्याकडे काय काय आहे?’ असं विचारलं तर तो आपल्यातल्या सगळ्या वस्तूंची यादी देतो, कोणती वाचता येईल आणि कोणती बदलता येईल यासकट.

वीज कंपनी मीटर एकाच कारखान्यातून घेत नाही. एका गल्लीत तीन कंपन्यांचे मीटर असू शकतात आणि तिघांनाही एकच यंत्रणा वाचते. कंपनी बुडाली, करार संपला, अभियंता सोडून गेला, तरी मीटर स्वतःबद्दल सांगू शकतो. हे आपोआप झालेलं नाही. मानकात लिहिलं, निविदेत घातलं, चाचणीत तपासलं, म्हणून झालं.

आणि तोच आकडा मीटरमधून निघून मागच्या सर्व्हरवर पोचला की काय होतं? तिथं बिलिंगची प्रणाली, रांगा, कामं वाटून देणारे भाग, पुन्हापुन्हा प्रयत्न करणारे भाग. त्यांच्यावर आपण यातलं काही म्हणजे काहीच मागत नाही. भिंतीवरच्या डब्याला एकक सांगणं बंधनकारक, आणि लाखो डब्यांचे आकडे ज्याच्यातून जातात त्या प्रणालीत पुन्हा प्रयत्न करण्याच्या मुदतीपुढे नुसतं ‘रिट्राय विंडो ९००’. कसले नऊशे, ते बनवणाऱ्याला माहीत. तो आता पुण्यातून हैदराबादला गेलाय.

नेटवर्कवाल्यांनी हे फार आधी ओळखलं होतं. राउटर, स्विच यांच्यावर लक्ष ठेवायची एसएनएमपी पद्धत १९८८ ची. १९९० च्या दशकात तिच्या वर्णनभाषेची दुसरी आवृत्ती आली तेव्हा प्रत्येक वस्तूची व्याख्या करताना वर्णनाचं कलम आणि स्थितीचं कलम दोन्ही सक्तीची झाली. स्थिती म्हणजे चालू, टाळावी अशी, की कालबाह्य. शिवाय एकदा प्रसिद्ध केलेली व्याख्या पुसायची नाही. निरुपयोगी झाली तर कालबाह्य असा शिक्का मारून जागच्या जागी ठेवायची, म्हणजे तिचा क्रमांक उद्या कोणी वेगळ्याच कामाला जुंपू शकणार नाही. वाचायला हा नियम कारकुनी वाटतो. न्यूयॉर्कमध्ये १ ऑगस्ट २०१२ च्या सकाळी जे झालं त्यानंतर वाटू नये.

नाइट कॅपिटल ही शेअर बाजारातली मोठी दलाली संस्था. तिच्या ऑर्डरी बाजारात पाठवणाऱ्या प्रणालीत ‘पॉवर पेग’ नावाचा एक जुना भाग होता. २००३ पासून तो वापरात नव्हता, पण काढूनही टाकलेला नव्हता. मधल्या काळात, किती शेअर भरून झाले ते मोजणारा तुकडा दुसरीकडे हलवला गेला आणि त्यानंतर पॉवर पेग चालतो का हे कुणी तपासलं नाही. कशाला तपासेल, तो बंदच होता. २०१२ मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजाराची किरकोळ गुंतवणूकदारांसाठीची नवी योजना सुरू व्हायची होती. तिच्यासाठी नवा कोड लिहिला आणि तो चालू-बंद करायला जी खूण वापरली ती पूर्वी पॉवर पेग सुरू करायचीच खूण होती. नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता. सातांवर चढला, आठव्यावर राहून गेला, आणि दुसऱ्या कुणी पडताळणी केली नाही. बाजार उघडला. सात सर्व्हरांना त्या खुणेचा नवा अर्थ कळला. आठव्यानं जुना अर्थ घेतला आणि नऊ वर्षं निजलेला पॉवर पेग उठला. ऑर्डर पुरी झाली हे त्याला कळतच नव्हतं, त्यामुळे तो पाठवतच राहिला. २१२ छोट्या ऑर्डरींतून पाऊण तासात ४० लाखांवर व्यवहार झाले, १५४ कंपन्यांचे मिळून ३९ कोटी ७० लाख शेअर. तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर.

अमेरिकेच्या बाजार नियामकानं २०१३ मध्ये जो आदेश काढला त्यातल्या दोन गोष्टी मला मूळ चुकीपेक्षाही जास्त महत्त्वाच्या वाटतात. एक, बाजार उघडण्याआधी, सकाळी आठनंतर, प्रणालीनं स्वतःच ९७ ईमेल पाठवल्या होत्या. त्यांत पॉवर पेगचा उल्लेख होता. कुणी लक्ष दिलं नाही, कारण त्या ईमेल धोक्याच्या सूचना म्हणून बनवलेल्याच नव्हत्या. गांभीर्य सांगणारं काही त्यांच्यावर नव्हतं. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. गोंधळ सुरू झाल्यावर लोकांनी सात चांगल्या सर्व्हरवरून नवा कोड काढून टाकला. खूण तशीच चालू होती. झालं, सातांनीही तिचा जुना अर्थ घेतला. आगीत तेल. समोर दिसणाऱ्या खुणेचा अर्थ कुठे लिहिलेला असता, ‘डेप्रिकेटेड’ असा शिक्का आणि त्याचं कारण तिथंच असतं, तर चूक टळली असती असा दावा मी करत नाही. आठव्या सर्व्हरवर कोड चढवायला विसरणं ही माणसाची चूक, ती होतच राहणार. पण त्या पाऊण तासात माणसं अंधारात चाचपडत होती, आणि तो अंधार टाळता येण्याजोगा होता.

‘वेगळं डॉक्युमेंट आहे की’ म्हणणाऱ्यांसाठी नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर आहे. सप्टेंबर १९९९ मध्ये ते मंगळाजवळ हरवलं ते पौंड-सेकंद आणि न्यूटन-सेकंद यांच्या घोळामुळे, हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. कमी ऐकलेला भाग असा, की दोन प्रणालींमधल्या देवाणघेवाणीच्या कागदपत्रात मेट्रिक एककंच लिहिलेली होती. कागद बरोबर होता. आकडा चुकीच्या एककात आला, आणि वाचणाऱ्या प्रोग्रामनं तो कागदातल्याच एककात आहे असं धरून चाललं. जवळपास साडेचारपट फरक.

मग वर्णन लिहीत का नाहीत? आळस हे उत्तर सोपं आहे, पण मला ते अर्धवटच पटतं. लिहिणाऱ्याला लिहिताना गरज नसते हे खरं. पण त्यापुढे एक गणित आहे आणि त्याबद्दल मोकळेपणानं कुणी बोलत नाही. ज्या प्रणालीचे भाग स्वतःबद्दल काही सांगत नाहीत, ती प्रणाली दुसऱ्या कुणाला सांभाळता येत नाही. पाच वर्षांचा करार संपतो, नवी निविदा निघते, आणि जुना व्हेंडर सोडून इतरांना ‘आत नेमकं काय आहे’ हे ठाऊकच नसल्यानं ते एकतर अव्वाच्या सव्वा दर भरतात किंवा भरतच नाहीत. कुणीतरी नवीन आलंच तर ‘केटी’, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, नावाचा सोहळा होतो. चार-सहा आठवडे जुनी मंडळी नव्यांना पडदे दाखवतात, एक एक्सेल शीट हातात ठेवतात आणि निघून जातात. त्या शीटमध्ये दोन वर्षांपूर्वीच्या आवृत्तीची नावं असतात. एका सार्वजनिक संस्थेच्या असल्याच हस्तांतरात मी बसलो होतो. एका पॅरामीटरपुढे शेरा होता, ‘डू नॉट चेंज’. का, ते देणाऱ्यालाही माहीत नव्हतं, त्यालाही तो तसाच मिळाला होता. वर्णनाचा अभाव कोणी मुद्दाम कट करून घडवत नाही, पण त्याचा फायदा कुणाला होतो हे उघड आहे, आणि ज्याला फायदा आहे त्यानं तो आपखुशीनं दूर करावा अशी अपेक्षा ठेवणं भाबडेपणाचं आहे. म्हणून सक्ती.

सरकार या दिशेला अजिबात वळलेलं नाही असं म्हणता येणार नाही. प्रणालीत कोणते तयार घटक वापरलेत त्याची यादी, म्हणजे एसबॉम, कशी असावी याची मार्गदर्शक तत्त्वं सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेनं ऑक्टोबर २०२४ मध्ये काढली. २०२१ च्या डिसेंबरात लॉग-फोर-जे या जावातल्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या तयार घटकाची भगदाडं उघडी पडली तेव्हा ‘आमच्याकडे ते आहे का’ हेच कित्येकांना सांगता येत नव्हतं, त्यानंतर अशी यादी मागणं अटळ होतं. सेबीनंही आपल्या सायबर सुरक्षा चौकटीत ती मागितली आहे. चांगलंच आहे. पण ती यादी आत काय काय घातलंय ते सांगते. चालू प्रणालीतला कोणता दांडा कशाचा, तो किती ओढायचा, हे त्यात येत नाही. सर्ट-इनचेच एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत, की सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी. सहा तास! ज्या प्रणालीत एकेका आकड्याचा अर्थ विचारायला जुन्या कर्मचाऱ्याचा नंबर शोधावा लागतो, तिथं सहा तासांत कळवणार तरी काय? ‘काहीतरी झालंय’ एवढंच. ई-शासनासाठी माहितीचे रकाने कसे असावेत, नाव, पत्ता, गावाचा संकेतांक, याचीही केंद्राची मानकं आहेत. म्हणजे माहितीला मेटाडेटा, अर्थात माहितीबद्दलची माहिती, हवा हे पटलेलं आहे. ती माहिती वाहून नेणाऱ्या चालत्या यंत्राला हवा, हे मात्र अजून कुणाच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

आक्षेप येतात. सगळ्यात वजनदार आक्षेप असा, की वर्णनं शिळी होतात आणि शिळं वर्णन हे नसण्यापेक्षा घातक. मान्य. त्याहून वाईट प्रकार मी जोडतो: वर्णन सक्तीचं केलं की ‘मॅक्सपूलसाइझ: पूलची कमाल साइझ’ असल्या ओळींचा पाऊस पडतो. तपासणारा रकाना भरलाय का ते पाहतो, भरलेला असतो, सगळे खूश. अनेक सर्व्हरांवर प्रणाली चालवणाऱ्या कुबरनेटीसमध्ये लेबल आणि अ‍ॅनोटेशन अशी दोन वेगळी साधनं विचारपूर्वक दिली आहेत, निवडीसाठी एक आणि माहितीसाठी दुसरं. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी अ‍ॅनोटेशनांचा उकिरडा झालेला दिसतो. त्यामुळे गद्य वर्णनावर माझा फार भरवसा नाही आणि सक्ती त्याची नकोच. सक्ती हवी ती यंत्राला पडताळता येणाऱ्या रकान्यांची. एकक ठरीव यादीतलंच असलं पाहिजे. मर्यादेबाहेरचा आकडा प्रणालीनं घेताच कामा नये, म्हणजे मर्यादा शिळी असेल तर त्याच दिवशी कळेल. निवृत्त केलेल्या भागाचं नाव पुन्हा वापरलं तर बिल्डच फुटला पाहिजे, म्हणजे कोडपासून प्रणाली तयारच होता कामा नये. जावात सगळे भाग एकेक करून तपासणारी आणि एकक नसेल तर नापास करणारी चाचणी लिहिणं हे एका दुपारचं काम आहे. प्रोमिथिअस हे देखरेखीचं साधन वापरणाऱ्यांनी तर त्याहून स्वस्त वाट काढली. आकड्याच्या नावातच शेवटी ‘सेकंद’ किंवा ‘बाइट’ लिहायचं आणि मूळ एककच वापरायचं असा संकेत पाडला. दिसायला बोजड, पण नाव आणि एकक एकमेकांपासून सुटतच नाहीत.

‘वर्णन लिहिलं तर हल्लेखोराला फुकट नकाशा मिळेल’ हा दुसरा आक्षेप मला पटत नाही. पासवर्डाशिवाय उघड्या ठेवलेल्या जेएमएक्सच्या दारातून हल्लेखोर स्वतःचा कोड आत आणून चालवू शकतो, हे वर्षानुवर्षं माहीत आहे. तिथवर जो पोचला त्याला पी० आणि पी१ म्हणजे काय हे शोधायला जावाचं उघडं कागदपत्र पुरतं. अडतं ते रात्री दोनला जागं केलेल्या आपल्याच माणसाचं.

खर्चाचं म्हणाल तर आजही आपण कागदपत्रांसाठी पैसे मोजतोच. एसआरएस म्हणजे प्रणालीच्या गरजांचा दस्तऐवज, डिझाइन, मॅन्युअल, बाइंडिंग करून तीन प्रती. कार्यालयाच्या कपाटात ते गठ्ठे असतात, कुलूपबंद. त्यातला थोडा भाग कमी करून तेच पैसे इकडे वळवले तरी भागेल. लहान कंपन्यांवर बोजा पडेल असं म्हणतात. पण निविदेच्या वेळी समोरच्या प्रणालीत काय आहे ते वाचता आलं, तर सगळ्यात जास्त फायदा लहान कंपन्यांचाच होणार आहे. आज ते दार त्यांना बंद आहे.

जाता जाता भाषेची एक गोष्ट. जावाच्या त्या डिस्क्रिप्टरमध्ये वर्णनाचा मजकूर वेगळ्या भाषांच्या फाइलींतून उचलण्यासाठीही रकाने ठेवलेले आहेत. नागरिकाला दिसणारा पडदा मराठीत हवा असा आग्रह आपण धरतो, योग्यच आहे. पण तालुक्याच्या कार्यालयात सेवा बंद पडली की पहिला फोन ज्याला जातो, तोही मराठीच असतो. ‘हा आकडा वाढवल्यास सेवा पुन्हा सुरू करावी लागेल’ हे वाक्य त्याला त्याच्या भाषेत दिसायला तंत्राची अडचण २००६ पासूनच नाही.

सक्ती कशी तपासायची, हा शेवटी कळीचा मुद्दा, कारण कागदावरच्या अटी कशा पाळल्या जातात ते सगळ्यांना माहीत आहे. मला सुचणारा मार्ग असा. प्रणाली स्वीकारण्याच्या दिवशी, ज्यानं ती आधी पाहिलेली नाही असा एक प्रशासक बसवावा. त्याच्यासमोर चालू प्रणालीचा देखरेखीचा पडदा ठेवावा, आणि समितीनं सांभाळायच्या भागांपैकी कोणतेही काही भाग चिठ्ठ्या टाकून निवडावेत. हे काय आहे, कशात मोजलंय, किती वाढवता येईल, वाढवलं तर काय होईल. उत्तरं त्यानं पडद्यावरूनच द्यायची. फोन नाही, शीट नाही, व्हेंडरचा माणूस खोलीबाहेर. जमलं नाही तर शेवटचा हप्ता अडवायचा आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या चिठ्ठ्या काढायच्या. जुन्या प्रणालींना एकदम हे लावू नये, ते होणार नाही आणि त्या नावाखाली नुसती बिलं निघतील. ज्या भागाला पुढची दुरुस्ती होईल त्या भागापासून सुरुवात करावी. बिलिंगवाल्यांनी आधी त्या ‘रिट्राय विंडो ९००’चं एकक लिहावं.